चालत्या जहाजाची दुरुस्ती

पीथमपूरला समुद्र नाही. जवळचा किनाराही शेकडो किलोमीटर लांब. तरी धार जिल्ह्यातल्या या औद्योगिक वसाहतीतला बराच माल शेवटी पाण्यावरूनच जगात जातो. इथली वाहने, इंजिनांचे सुटे भाग, औषधे कंटेनरमध्ये बंद होतात, न्हावा-शेव्याला पोहोचतात आणि तिथे जहाजावर चढतात. इथून निघालेला ट्रक गणपती घाटात बंद पडलाच, तर धामणोदहून मिस्त्री बोलावता येतो. जहाजाचे इंजिन अरबी समुद्राच्या मधोमध थांबले, तर बोलवायचे कोणाला? नांगर टाकावा म्हटले तर तळ तीन-चार हजार मीटर खाली. अशा वेळी दुरुस्ती करणारे तेच वीस-पंचवीस जण असतात, जे जहाज चालवत असतात.

म्हणून व्यापारी जहाजावर दुरुस्ती हे अडचणीच्या वेळी काढायचे काम नसते. ते रोज चालते. बंदराबाहेर दिमाखात उभे असलेले जहाज आतून नेहमी थोडेफार उघडलेले असते. एखादा पंप खोललेला, एखादा जनित्र संच पाळीने बंद ठेवलेला, डेकवर गंज ठोकून काढण्याचा खणखणाट. यंत्रे जोडीने बसवलेली असतात ती यासाठीच. एक पंप चालू, दुसरा तयार. जनित्रे बहुधा तीन किंवा चार, म्हणजे एक उघडले तरी उजेड जात नाही.

जोडी नसते ती मुख्य इंजिनाला. मोठ्या मालवाहू जहाजांवर सहसा एकच इंजिन आणि एकच पंखा असतो. हे इंजिन टू-स्ट्रोक डिझेल जातीचे, पण आकार असा की त्याच्या पोटात जिन्याने उतरावे लागते. २००६ मध्ये समुद्रात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचे चौदा सिलिंडरचे इंजिन सुमारे २,३०० टनांचे होते. त्याच्या एकेका पिस्टनचा व्यास ९६ सेंटीमीटर आणि साऱ्या इंजिनाची ताकद सुमारे ८० मेगावॉट. आणि फेरे? मिनिटाला जेमतेम १०२. पीथमपुरात बनणाऱ्या ट्रकचे इंजिन रिकामे उभे असतानाही याहून कितीतरी जोरात फिरते. या संथपणातच त्याचे दीर्घायुष्य आहे. असे इंजिन दिवसचे दिवस, रात्रंदिवस, न थांबता चालते आणि जहाजाच्या साऱ्या आयुष्यात बहुधा कधी बदलले जात नाही.

पण त्याला मिळणारे खाद्य वाईट असते. शुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, डिझेल काढून घेतल्यावर उरलेला डांबरासारखा गाळ म्हणजे जहाजाचे जड इंधन. थंड असताना ते धड वाहतही नाही. ते सुमारे ९८ अंशांपर्यंत तापवून वेगाने फिरणाऱ्या प्युरिफायरमधून काढतात, म्हणजे पाणी आणि जड कचरा बाजूला पडतो. मग आणखी तापवून इंजिनात फवारतात. या इंधनात ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म, काचेसारखे कठीण कण राहून जातात. खरेदीच्या वेळी त्यांचे प्रमाण दहा लाखांत ६० पर्यंत चालते, इंजिनात शिरताना मात्र ते पंधराच्या आसपास उतरलेले हवे. नाही तर सिलिंडरच्या आतल्या भिंती ओरबाडल्या जातात. म्हणून प्युरिफायर सांभाळणारा फोर्थ इंजिनीअर अधिकाऱ्यांत हुद्द्याने सर्वांत खालचा असला, तरी इंजिनाचे आरोग्य त्याच्या हाती असते.

हुद्द्यांची ही उतरंड समजून घेण्यासारखी आहे. चीफ इंजिनीअर सर्वांचा जबाबदार धनी, पण रोजच्या दुरुस्तीचा खरा कारभारी सेकंड इंजिनीअर. सकाळी कोण काय खोलणार, हे तो ठरवतो. थर्डकडे बहुधा जनित्रे, फोर्थकडे प्युरिफायर आणि कॉम्प्रेसर, विजेचे सगळे ईटीओकडे, म्हणजे विद्युत अधिकाऱ्याकडे. त्यांच्या हाताखाली फिटर, मोटरमन, वायपर. वरच्या डेकवर चीफ ऑफिसर आणि त्याचा बोसन, म्हणजे पूर्वीचा सारंग. वाफेच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातले आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, भट्टीपाशी कोळसा मारणारे बहुतेक पंजाब-सरहद्दीकडचे आणि खानपान सांभाळणारे गोव्याचे असत. कंपन्यांच्या इतिहासात कप्तानांची चित्रे भरपूर सापडतात. दोरखंड, शिडे, रंग आणि गंज यांच्याशी जन्मभर झुंजलेल्या राजापूर-दाभोळच्या माणसांची सापडत नाहीत.

सेकंड इंजिनीअरच्या सकाळच्या वाटपामागे एक भले मोठे वेळापत्रक असते. जहाजावरच्या प्रत्येक यंत्राची त्यात नोंद असते आणि प्रत्येक कामाची मुदत ठरलेली असते. काही कामे दिवसांवर मोजतात, उदाहरणार्थ जीवरक्षक नौकेचे इंजिन दर आठवड्याला सुरू करून पाहणे. काही कामे यंत्र किती तास चालले यावर मोजतात. मुख्य इंजिनाचा पिस्टन साधारण बारा ते सोळा हजार तासांनी बाहेर काढावा, असा अनेक इंजिनांचा जुना दंडक. नव्या इंजिनांत ही मुदत पुष्कळ लांबली आहे. जहाज वर्षाला पाच-सहा हजार तास चालते असे धरले, तर एकेका सिलिंडरची पाळी दोन-तीन वर्षांनी येते. पूर्वी हे सगळे जाड वह्यांत आणि पत्त्यांवर लिहीत. आता संगणकावर असते, आणि अंधेरीच्या किंवा नवी मुंबईच्या कचेरीत बसलेल्या टेक्निकल सुपरिंटेंडेंटला कोणते काम मागे पडले आहे ते तिथूनच दिसते. जहाजावरच्या माणसांना हे फारसे आवडत नाही, हे सांगायला नकोच.

पिस्टन काढण्याचा दिवस इंजिन रूममध्ये सणासारखा असतो, फक्त घाम जास्त. बंदरात किंवा नांगरावर असताना हे काम करायचे, तर आधी बंदर अधिकाऱ्यांची परवानगी लागते, कारण त्या काळात जहाज हलू शकत नाही. इंजिन सुरू करणाऱ्या दाबाच्या हवेची वाट बंद करून कुलूप घालतात. टर्निंग गिअर लावून इंजिन बोट-बोट फिरवता येईल असे करतात. सिलिंडरवरच्या झाकणाचे नट पान्याने सुटत नाहीत. हायड्रॉलिक जॅकने बोल्टच काही अंश ताणतात, म्हणजे नट हाताने फिरतो. काही टनांचे झाकण वरच्या क्रेनने उचलतात, मग माणसाहून उंच पिस्टन आपल्या दांड्यासह वर येतो. एक इंजिनीअर रिकाम्या सिलिंडरमध्ये उतरून निरनिराळ्या उंचीवर, पुढे-मागे आणि आडवे, आतला व्यास मोजतो. झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहिली जाते. तो आकडा मागच्या वेळच्या आकड्याशी ताडला की दर हजार तासांना किती झीज झाली ते कळते, आणि सिलिंडरचा हा लायनर, म्हणजे आतले अस्तर, आणखी किती वर्षे टिकेल तेही. माझ्या मते दुरुस्तीच्या साऱ्या विद्येत हेच सर्वांत विलक्षण. काही बिघडलेले नसताना मोजायचे आणि बिघाड कधी येणार ते आधीच वहीत लिहून ठेवायचे.

तरीही अवचित बिघाड होतातच. त्यासाठी जहाजावर लेथ, वेल्डिंग आणि एक कसलेला फिटर असतो. चांगला फिटर जहाजाला मिळणे हे नशीब, असे इंजिनीअर म्हणतात ते उगाच नव्हे. समुद्राच्या पाण्याच्या पाइपाला भोक पडले आणि तो बंद ठेवणे शक्य नसले, तर एक जुनी युक्ती अजून चालते. गळतीभोवती लाकडी पेटी ठोकायची, पाणी बाहेर जायला एक नळी ठेवायची, पेटीत लवकर आवळणारे सिमेंट ओतायचे आणि सिमेंट घट्ट झाल्यावर नळी बंद करायची. कोट्यवधी डॉलरच्या जहाजाला गवंड्याच्या हातचे ठिगळ! अर्थात पुढच्या बंदरापर्यंतच.

वेळापत्रकांच्या आणि नोंदींच्या कागदाला मात्र इतके महत्त्व नेहमी नव्हते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून सुटलेली ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही वाहने नेणारी फेरी पुढचा दरवाजा उघडाच राहिल्यामुळे काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे गेली. यंत्रात खोट नव्हती. दरवाजा लावला की नाही हे कप्तानाला कळण्याची सोय नव्हती, आणि किनाऱ्यावरच्या कचेरीने ती करावी असे मानले नव्हते. या आणि अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९३ मध्ये जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची संहिता संमत केली. ती आयएसएम कोड म्हणून ओळखली जाते. प्रवासी जहाजे, तेलवाहू आणि सुट्या मालाची मोठी जहाजे यांना ती १ जुलै १९९८ पासून, उरलेल्यांना २००२ पासून बंधनकारक झाली. तिचा दहावा भाग जहाजाच्या देखभालीवर आहे. तपासणी ठरलेल्या मुदतीत व्हावी, दोष आढळला तर तो कारणासह कळवावा, दुरुस्तीची नोंद राहावी आणि जी यंत्रे अचानक बंद पडली तर धोका होईल ती आधीच निवडून त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्यावे, असे तो सांगतो.

या देखरेखीला दुसरा डोळा असतो वर्गीकरण संस्थेचा. भारताची अशी संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, १९७५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. तिचे सर्वेक्षक पाच वर्षांच्या चक्रात जहाजाचा सांगाडा आणि यंत्रे तपासतात. सगळी यंत्रे एकदम उघडणे परवडत नाही, म्हणून दरवर्षी पाचवा हिस्सा दाखवण्याची सवलत असते, आणि त्यातली काही चीफ इंजिनीअरने स्वतः तपासून लिहून दिली तरी चालतात. वर्गप्रमाणपत्र गेले की विमा अडचणीत येतो, आणि विम्याशिवायच्या जहाजाला माल कोण देणार?

एवढे करूनही किती क्षुल्लक गोष्टीवर सारे अवलंबून असते, याचा ताजा दाखला ‘डाली’ जहाजाचा. २६ मार्च २०२४ च्या पहाटे सुमारे तीनशे मीटर लांबीचे हे कंटेनर जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडताना वीज जाऊन अंधारात बुडाले आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पूल कोसळला आणि त्यावर रस्त्याची डागडुजी करणारे सहा कामगार मेले. जहाजावरचे खलाशी आणि अधिकारी जवळजवळ सगळे भारतीय होते. अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. विजेच्या एका पॅनेलमधली एक तार सैल होती, कारण तिच्यावर चढवलेली नावाची पट्टी नीट बसली नव्हती आणि तिच्यामुळे तारेचे टोक चिमट्यात पूर्ण शिरलेच नव्हते. पहिल्यांदा गेलेली वीज परत आली, पण थोड्याच वेळात पुन्हा गेली. जनित्रांना इंधन पुरवायला असा पंप वापरात होता की जो वीज आल्यावर आपोआप सुरू होत नव्हता. काम सोयीचे व्हावे म्हणून काढलेली ही पळवाट नेमकी नको त्या क्षणी महागात पडली. अशा जहाजावर तारांची हजारो टोके असतात, आणि त्यांतले प्रत्येक ओढून पाहण्याचे काम कोणत्या तरी वेळापत्रकात असावे लागते.

डेकवरच्या लोकांचा शत्रू वेगळा. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. रंगाचा टवका उडाला की तिथे गंज, मग हातोडी, घासणी, प्रायमर, रंग, आणि जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगवून होईतो पहिले टोक पुन्हा मागे लागलेले. पण गंजाचा खरा धोका दिसतो तिथे नसून बंद टाक्यांत असतो. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाते. महिनोन्महिने बंद असलेल्या रिकाम्या टाकीत विषारी काहीही नसले, तरी प्राणवायू इतका उतरलेला असू शकतो की शिडीने खाली गेलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला धावलेला दुसराही कोसळतो. म्हणून टाकीत उतरण्यापूर्वी हवा खेळवणे, मोजयंत्राने प्राणवायू नेहमीच्या २०.९ टक्क्यांवर आहे हे पाहणे, तोंडाशी एक माणूस उभा ठेवणे आणि लेखी परवाना, एवढे सारे सोपस्कार असतात. ते टाळल्यामुळे अजूनही दरवर्षी कुठे ना कुठे खलाशी मरतात.

जे पाण्यावर करता येत नाही ते करायला जहाजाला कोरडे व्हावे लागते. आणि इथे आपल्या किनाऱ्याचा इतिहास मोठा आहे. विजयदुर्गापासून जवळच, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये गावापाशी मराठ्यांची गोदी आहे. बराच भाग खडकात खोदलेली, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. आंग्र्यांच्या आणि पुढे पेशव्यांच्या आरमाराची गलबते इथे दुरुस्तीला येत. यंत्र कसलेच नाही. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तळ मोकळा. लाकडी तळाला समुद्रकिडा पोखरतो आणि शिंपले चिकटतात. ते खरवडायचे, फटी नव्याने भरायच्या, तेल पाजायचे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पुरातत्त्व अभ्यासकांनी या गोदीची पाहणी केली आहे. किल्ला बघायला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिच्याकडे वळतात, आणि याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मुंबईला निसर्गाने याहून मोठी भरती दिली आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईत आले आणि १७५० च्या सुमारास इथे दगडी सुकी गोदी उभी राहिली. आशियातल्या पहिल्या अशा गोद्यांत ती गणली जाते. वाडियांनी सागवानी जहाजे बांधून नाव कमावले. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण दुरुस्तीच्या दृष्टीने त्या घराण्यातला माझा आवडता माणूस आर्देशीर करसेटजी. लाकडाच्या घराण्यात जन्मून तो वाफेच्या नादी लागला. १८४१ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबईतल्या वाफयंत्र कारखान्याचा तो मुख्य अभियंता झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय सदस्यही. आगबोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात युरोपीय कारागीर त्याच्या हुकमतीखाली काम करत.

माळव्याचाही या इतिहासाशी एक धागा आहे. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची १८९१ पासून धावणारी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही बोट पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी रुग्णनौका म्हणून घेतली आणि तिचे नाव ‘लॉयल्टी’ ठेवले. आज धार जिल्ह्यात असलेला अमझेरा तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होता. युद्धानंतर वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सोबत्यांनी ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. भाषणांत जे येत नाही ते असे की बोट तेव्हा २८ वर्षांची म्हातारी होती, आणि १९२३ मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली. जहाज जितके जुने तितकी त्याची किंमत कमी आणि देखभाल महाग, हा हिशोब देशाभिमानाने बदलत नाही.

लोखंडी बोटी वाढल्या तशा मुंबई बंदराच्या गोद्याही वाढल्या. १८९१ मध्ये मेरीवेदर, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीबरोबर ह्यूजेस सुकी गोदी. ह्यूजेस एक हजार फूट लांब आणि शंभर फूट रुंद. जहाज कोरडे करण्याचा विधी तिथे पाहण्यासारखा असतो. तळाच्या नकाशाप्रमाणे गोदीच्या फरशीवर ठोकळे आधीच मांडलेले असतात. जहाज आत आले की दार लावून पाणी उपसतात. जहाजाचे मागचे टोक ठोकळ्यांना टेकते आणि पुढचे अजून तरंगत असते, ती काही मिनिटे सर्वांत नाजूक. तेव्हा जहाज नीट उभे नसेल तर ते कलू शकते. पाणी ओसरले की घाई सुरू होते, कारण गोदीचे भाडे दिवसावर असते. तळ घासून रंगवायचा, सुकाणूची आणि पंख्याच्या दांड्याची ढिलाई मोजायची, पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडून बसवायच्या, पत्र्यांची जाडी ध्वनिलहरींनी तपासायची. नांगराची साखळी फरशीवर पसरून कडी-कडी मोजतात. जाडी बारा टक्क्यांनी घटली की ती कडी बाद. आणि गोदीत परत पाणी सोडण्याआधी प्रत्येक झडप बसली आहे ना, हे इंजिनीअर स्वतः हात लावून पाहतो. जहाजे गोदीतच बुडाल्याची उदाहरणे आहेत.

ह्यूजेसची अडचण लांबीत नसून रुंदीत आहे. शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर. जुन्या पनामा कालव्याच्या मापाची जहाजेच ३२ मीटरांची, आणि न्हावा-शेव्याला येणारी कंटेनर जहाजे त्याहून कितीतरी फुगलेली. म्हणून पीथमपूरचा माल नेणारे जहाज आपल्या दारात उभे असले तरी गोदीसाठी चीन, सिंगापूर किंवा दुबई गाठते. कोचीन शिपयार्डने जानेवारी २०२४ मध्ये कोचीला ३१० मीटर लांबीची, ६० ते ७५ मीटर रुंदीची नवी गोदी सुरू केली. ह्यूजेसमधली जहाजदुरुस्तीही काही वर्षांपासून हीच कंपनी चालवते.

मुंबईकडे उरतात ती मध्यम जहाजे. गाळ काढणारी, तटरक्षक दलाची आणि १९७४ मध्ये तेल सापडलेल्या बॉम्बे हायला रसद पोहोचवणारी. या शेवटच्या जातीचा एक गमतीदार पेच आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की तेलक्षेत्रातली बांधकामाची कामे थांबतात आणि त्यांवरची जहाजे मोकळी होतात, म्हणजे गोदीत घ्यायला हीच वेळ. पण जहाजाचा रंग हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असली तर लावायचा नसतो, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम हवा. जुलैच्या मुंबईत हे दोन्ही जमायचे कसे? मग आधी पोटातली कामे उरकतात, टाक्यांत कोरडी हवा सोडून आतून रंगवतात, आणि बाहेरच्या अंगासाठी रंगारी आर्द्रतेचे यंत्र हातात घेऊन उघडिपीची वाट पाहतात. चार तास मिळाले तरी एक हात होतो.